हो म्हणायचं राहिलं

"पाठ ताठ ठेव. आणि माझ्याकडे बघ, जमिनीकडे नाही," आकेनेसे बाई म्हणाल्या.

"बाई, मुलाखत घेणाऱ्या मॅडम फोनवरून मला बघणार आहेत का?" मासिनाने विचारलं.

"बघणार नाहीत. पण मान खाली गेली की आवाजही खाली जातो. बस नीट."

मासिना नीट बसली. फोन अजून वाजला नव्हता. खिडकीतून मासळीच्या कारखान्याचा वास येत होता. भर समुद्रातल्या त्या अमेरिकी बेटावर, पागो पागोच्या बंदरात जन्म काढलेल्या माणसाला तो वास येत नाही म्हणतात. बाई तिथल्याच, तरी त्यांना शाळेतली एकोणतीस वर्षं तो रोज येत होता. शाळेत त्यांचं काम एकच होतं, मोठ्या वर्गातल्या पोरांना सुटीत कुठेतरी कामाच्या अनुभवासाठी चिकटवून द्यायचं. दवाखान्यात, हवामान खात्यात, नशीब जोरावर असलं तर थेट समुद्रापलीकडे. त्यासाठी त्यांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले होते ते त्यांनाच ठाऊक. जे पोर कुठेच चिकटायचं नाही, त्याला दोनच दारं उघडी असत. एक कारखान्याचं, तिथे मासिनाची आई बावीस वर्षं ट्यूना साफ करत उभी होती. दुसरं लष्करभरतीचं. त्याचं टेबल शाळेच्याच व्हरांड्यात दर बुधवारी मांडलेलं असे. साल दोन हजार चार होतं आणि तिकडे इराकमध्ये लढाई चालू होती.

यंदा होनोलुलूची एक सागरी प्रयोगशाळा बेटावरच्या एकाच विद्यार्थ्याला सहा आठवडे बोलावणार होती. शाळेच्या शेवटच्या वर्षातलाच हवा होता. काम आवडलं तर पुढे कॉलेजचं सगळं तेच बघणार होते. मासिना आठवीपासून ओहोटीला खडकांवर जायची आणि कुठला जीव कुठे दिसला ते वहीत लिहायची. तिच्याइतकी लायक पोर बाईंना इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. तरी अर्ज चार वेळा लिहावा लागला, कारण दरवेळी ती 'आमच्या घराने पाहिलं', 'आमच्या गावाने मोजलं' असंच लिहायची.

"'मी' लिही," बाई म्हणायच्या.

"मी एकटीने कुठे केलंय, बाई? होडी काकांची होती."

"होडी काकांची, डोळे तुझे. 'मी' लिही म्हणते ना."

फोन वाजला. बाईंनी आवाज मोठा केला आणि समोर बसल्या. पलीकडे हॅडली नावाच्या बाई होत्या, बोलणं अगदी मायेचं. खडकांविषयी विचारलं, भरती-ओहोटीविषयी विचारलं. मासिना बोलायला लागली ती थांबेना. 'मी' तिने अकरा वेळा म्हटलं, बाई मनात मोजत होत्या.

मग हॅडलीबाईंनी विचारलं, "आता एक खरं सांग. इथे यायची तुझी स्वतःची इच्छा आहे ना?"

मासिनाने दोन्ही भुवया वर उचलल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

फोन थोडा वेळ गप्प राहिला. "विचार करायला वेळ हवाय का तुला?"

मासिना बुचकळ्यात पडली. आत्ताच तर सांगितलं. "नाही, मॅडम."

"सहा आठवडे घरापासून लांब राहायला आवडेल?"

भुवया पुन्हा वर गेल्या, या वेळी जरा जास्तच.

"बरं," आवाज आणखी मऊ झाला. "समजलं मला, बाळ."

फोन ठेवल्यावर दोघींनी भाजलेला नीरफणस नारळाच्या दुधात बुडवून खाल्ला. "मुलाखत म्हणजे एवढंच?" मासिना म्हणाली. बाई त्या दिवशी कितीतरी वर्षांनी गुणगुणत घरी गेल्या.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. मुलगी हुशार आहे, शंकाच नाही. पण इथे यायचं आहे का असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ती काहीच बोलली नाही. वेळ हवा का, तर नाही म्हणाली. मनात नसताना एखाद्या मुलीला घरापासून ओढून आणणं आम्हाला बरं वाटत नाही.

बाईंचं डोकंच फिरलं. काही बोलली नाही म्हणजे काय? चांगली दोनदा हो म्हणाली! मी स्वतः पाहिलं!

पाहिलं, या शब्दाशी त्या अडल्या. पत्र टेबलावर ठेवून खाली बसल्या.

त्या बेटावर होकाराला तोंड लागत नाही. भुवया उचलल्या की झालं, रांगत्या पोरापासून गावच्या प्रमुखापर्यंत. जित्याची खोड. मान खाली घालू नको, 'आम्ही' म्हणू नको, पुटपुटू नको, सगळं बाईंनी शिकवलं होतं. हो तोंडाने म्हणायलाही शिकवायचं असतं हे त्यांना सुचलंच नव्हतं, कारण त्याही त्याच मातीच्या होत्या.

त्यांनी होनोलुलूला फोन लावला आणि सगळं सांगितलं. हॅडलीबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, जागा दुसऱ्याला दिली, तो मुलगा निघालासुद्धा. पुढच्या वर्षी नक्की अर्ज करा. पुढच्या वर्षी मासिना शाळेत नसणार होती.

"पण मी हो म्हटलं ना, बाई," मासिना म्हणाली. "तुम्ही समोरच होतात."

"होते."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"मला ऐकू आलं होतं गं," बाई म्हणाल्या.

मासिना त्यांच्याकडे बघत राहिली. मग तोंडावर हात धरून हसायला लागली. चिडली असती, चार शब्द बोलली असती तर बाईंना सोसलं असतं. ते हसणं सोसवलं नाही.

बुधवारी ती व्हरांड्यातल्या टेबलापाशी बसलेली दिसली. सार्जंट सिआकी तिच्यापुढे कागद सरकवत होता. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. बाई तरातरा गेल्या.

"सिआकी, ते कागद मागे घे. ती पोर शिंपले मोजणारी आहे, बंदुका नाही."

तो अदबीने उभा राहिला. "मलाही तुम्ही बँकेत चिकटवणार होतात, बाई."

"टोमणा मारतोस?"

"नाही, बाई. लष्कर कॉलेजचं बघतं, एवढंच तिला सांगितलं. येतेस का विचारलं, ती हो म्हणाली."

"तोंडाने म्हणाली?"

"तोंडाने कशाला?" सिआकीला नवल वाटलं. "मला कळतं की."

मासिनाने सही केली. तिथे 'मी' लिहिलेलंच होतं.

पुढच्या मार्चमध्ये ती पेटीतून परत आली. इराकमध्ये मालाच्या ट्रकवर होती, रस्त्यात बॉम्ब पेरलेला होता. विमानतळापासून गावापर्यंत लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून प्रार्थनेची गाणी म्हणत होते. बाईही त्यांच्यात होत्या. मासिनाच्या आईने त्यांना जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला. फोनची हकिगत तिला माहीत होती.

त्या वर्षापासून बाईंनी आपली खुर्ची फिरवून टाकली. मुलाखतीची तयारी करून घेताना त्या भिंतीकडे तोंड करून बसतात आणि पोर पाठीमागे बसतं. बाई भिंतीवर रुसल्यात, अशी पोरं आपसात थट्टा करतात. भिंतीवर मासिनाचा गणवेशातला फोटो आहे. फोटो काढणाऱ्याने तिला अजिबात हलू दिलेलं नाही. भुवया अगदी सरळ आहेत.

"तिकडे जायची तुझी स्वतःची इच्छा आहे?" परवा बाईंनी विचारलं.

मागे शांतता. बाई वळल्या नाहीत.

"मला दिसत नाही. तोंडाने सांग."

"हो, बाई."

"मोठ्याने."

"हो!"

"पुन्हा," बाई फोटोकडे बघत म्हणाल्या.