खात्यापित्या घरचं भूत

एका मासिकातल्या भयकथांसाठी चित्रकार भुतं काढायचा आणि भूत म्हणून उभी राहायची त्याची बायको. खांद्यावरून पांढरी चादर, पायाशी जमिनीवर टेबललॅम्प. उजेड खालून आला की ओळखीचा चेहराही परका होतो. नाकाची सावली ओठांवर पडायची ती कपाळाकडे चढते. पण बायकोचे गाल मध्ये यायचे. सगळा उजेड तेच खाऊन टाकायचे. त्यात तिला हसू आवरायचं नाही.

“खात्यापित्या घरचं भूत दिसतंय हो,” संपादक दर वेळी फोनवर म्हणायचे. “वाचक घाबरायचं सोडून ताट वाढून घेईल.”

“भुतानं उपाशीच राहावं असा नियम आहे का?” मागून ती ओरडायची.

मग तिचं आजारपण निघालं. औषधांनी जेवणावरची वासनाच उडाली. तरी चादर तिनं सोडली नाही. “नुसतं पडून छताकडे काय बघायचं? मला खुर्ची दे, बसून भूत होते.” तिनं संपादकांना काही कळू दिलं नव्हतं.

या महिन्याचं चित्र छापून आलं आणि संपादकांचा फोन आला. त्यानं सवयीनं स्पीकर लावला.

“वा! आता बसला तुमचा हात! चुकून उघडायला नको म्हणून माझ्या मुलीनं ते पान दोऱ्यानं बांधून ठेवलंय. यापुढे हेच भूत हवं, काय?”

“बरं,” तो कसाबसा म्हणाला.

ती खुर्चीतून सगळं ऐकत होती. “दाखव बघू.” तिनं चित्राची प्रत बराच वेळ न्याहाळली. “मी अशी दिसते?”

“अगं, दिवा खालून होता ना.”

“अरे, दिवा बंद होता. खिडकीतल्या उन्हात काढलंस तू.”

त्यानं नवा कागद लावला.

“या वेळी गाल दे जरा,” ती म्हणाली.

इतकी वर्षं न बघताही सहज काढलेले गाल. त्यानं आठवून रेघ ओढली; चेहऱ्यावर दोन चेंडू चिकटवल्यासारखे दिसले. पुसले. पुन्हा काढले, पुन्हा पुसले. हात फिरून फिरून समोरच्या खळग्यांकडेच जायचा. शेवटी खोडरबरानं तिथला कागदच भुसभुशीत झाला.

तिनं मान लांबवून पाहिलं. हसली नाही.

“राहू दे. त्यांना तेच आवडलंय.” तिनं चादर खांद्यावर ओढून घेतली, मान ताठ केली. “फक्त लवकर आटप. पाठ दुखतेय.”

तो पेन्सिलीला टोक करत राहिला. टोक केव्हाच झालं होतं.