ताऱ्यांची सवत

मित्रांनो, मी एक जुनी पायवाट आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा हे मीच सांगितलेलं बरं.

टेकडीच्या पायथ्याशी मी सुरू होते. ओढा ओलांडते, काटेरी झुडपांमधून वर चढते आणि माथ्यावरच्या सपाटीवर जरा दम खाते. तिथून समोरच्या लहानशा टेकाडावर चढून एका एकट्या झाडापाशी पोहोचते आणि मग पलीकडे दगडखाणीकडे उतरते. रस्त्यांचा जन्म थाटात होतो. मोजमाप होतं, खडी येते, डांबर येतं, फीत कापायला कोणीतरी मोठा माणूस येतो. माझ्या वेळी असलं काही झालं नाही. आधी शेळ्या गेल्या. उभा चढ कसा टाळायचा हे शेळ्यांना न शिकवता कळतं. त्यांच्यामागे गुराखी गेला, गुराख्याच्या मागे खाणीतले कामगार गेले आणि त्या सगळ्यांच्या पायांनी मला घडवलं. मला आईबाप नाहीत. पाय आहेत, तेही दुसऱ्यांचे.

माझे कामाचे दिवस भरभराटीचे होते. सकाळी खाणीतले लोक डबे हलवत माझ्यावरून जात आणि संध्याकाळी पांढऱ्या धुळीने माखून परत येत. कोणाकडे बाळंतपण असलं की सुईण झपाझप पावलं टाकत जाई. पोस्टमन झाडाखाली बसून चपलेतला खडा काढी. माझ्यावर गवताचं एक पातंही टिकत नसे, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

पुढे खाणीतला दगड संपला. टेकडीला मागच्या बाजूने वळसा घालून थेट माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात दुखलं. काल आलेला रस्ता माझ्या नाकावर टिच्चून वर चढला आणि माणसं मला विसरली. गवताला काय, संधीच हवी होती. ते दोन्ही बाजूंनी पुढे सरकू लागलं.

अशा वेळी तो आला.

गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. लोक त्याला पासपोर्टवाला म्हणत, कारण त्याचं पोट त्या लहान फोटोंवरच चाले. दिवसभर 'हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका' असं सांगून तो कंटाळलेला असे. सुट्टीच्या दिवशी मात्र गळ्यात कॅमेरा अडकवून तो पहाटेच माझ्याकडे येई. बरोबर त्याची बायको असे. ती शिवणकाम करायची. गळ्यातली मापाची फीत ती टेकडीवर येतानाही काढायला विसरे.

मित्रांनो, माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. लोक माझ्यावरून जात, पण बघत दुसरीकडे. हा माणूस माझ्यासाठी दवाने भिजलेल्या मातीत पालथा पडे. तिरप्या उन्हात माझे खडे चमकले की लहान मुलासारखा हरखून जाई.

"काय वळण आहे बघ हिला!" तो बायकोला म्हणे.

"हिला आहे हो. तुम्हाला कधी लागणार?" ती म्हणे.

मी लाजून चूर होई. माझ्यासारख्या शेळ्यांनी घडवलेल्या पोरीला वळण आहे, असं एक शिकलासवरलेला माणूस म्हणतो म्हणजे काय!

मग तो तिला पुढच्या वळणावर पाठमोरी उभी राहायला सांगे. तिच्यामुळे माझी लांबी कळते, असं तो म्हणे. ती कुरकुरत उभी राही. "लग्न झाल्यापासून माझ्या तोंडाचा एक फोटो नाही. पाठीचे मात्र ढीगभर! लोकांना वाटेल बाईला तोंडच नाही." खरं सांगते, तिचंही मला थोडं खुपायचं. माझ्या फोटोत तिचं काय काम? पण ती पायाने मऊ होती. टाच आपटून चालत नसे, म्हणून मी तिला सोडून दिलं.

दरवर्षी गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरे. प्रत्येकाला एकच फोटो लावायला मिळे. तो न चुकता माझा लावी. तो पाहून लोक विचारत, "कुठली हो ही वाट?" आणि पुढचे काही महिने कोणी ना कोणी मला शोधत येई. त्यांच्या पायांनी गवत मागे हटे. मी जगत होते ती त्या एका फोटोवर.

आणि मग एकदा त्याची मान जी वर गेली ती गेलीच.

कुठेतरी त्याने ताऱ्यांच्या वाटांचा फोटो पाहिला. रात्री कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा. तारे सरकत जातात, त्यांच्या रेघा उमटतात आणि सगळं आकाश गोल गोल वळणांनी भरून जातं. वाटा म्हणे! ज्यांच्यावर कधी कोणाचं पाऊल पडलं नाही, त्यांना वाटा म्हणायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसे दुरून तारेही साजरेच. जवळ जाऊन बघा म्हणावं, भाजून निघाल.

आता तो रात्री येऊ लागला, तोही गाडीने, त्या डांबरी रस्त्यावरून! थेट माथ्यावर उतरायचा. सपाटीवर कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड उभा करायचा आणि त्याचा एक पाय बरोबर माझ्या अंगावर रोवायचा, कारण तिथली माती घट्ट होती. म्हणजे उभं राहायचं माझ्यावर आणि बघायचं तिच्याकडे, त्या आकाशातल्या सवतीकडे! यापेक्षा त्याने स्टँड गवतात ठेवला असता तरी चाललं असतं.

बायकोचंही फार बरं चाललं नव्हतं. एका रात्री ती म्हणाली, "तासभर टक लावून बसता त्या ताऱ्यांकडे. माझ्याकडे कधी बघितलंत असं?"

"अगं, तू कुठे तासभर एका जागी बसतेस?"

"आणि ते बसतात वाटतं? गोल गोल फिरतायत की."

"ते नाही फिरत. आपण फिरतोय. आपल्या पायाखालची जमीन फिरते, म्हणून त्यांच्या रेघा दिसतात."

हे ऐकलं आणि मी सुन्न झाले. पायाखालची जमीन म्हणजे कोण? मीच की! फिरायचं मी आणि कौतुक ताऱ्यांचं! ते आपले जागच्या जागी बसून मिरवतायत आणि त्यांच्या रेघा मी ओढून देतेय. त्या रात्री माझा जो जळफळाट झाला, तो आठवला की आजही माझे खडे गरम होतात.

वर्ष असंच गेलं. पायथ्याकडचा माझा भाग गवताखाली गेला. ओढ्याजवळ पाण्याने मला खणून काढलं. टेकाडावरच्या चढावर तर मी आहे की नाही, हे माझं मलाच कळेना. माणूस मेला की निदान कोणाला तरी कळतं. वाट मेली की तिथे फक्त गवत असतं.

प्रदर्शन जवळ आलं. फोटो द्यायच्या आदल्या संध्याकाळी ती दोघं माथ्यावर आली. बायको म्हणाली, "यंदाही वाटेचाच द्या ना. किती छान आहेत तुमच्याकडे."

"वाटेचे फोटो कोणीही काढतं," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला, पण मला ते फार लागलं. यंदा भिंतीवर मी नसेन. मग कोणी विचारणार नाही, कोणी येणार नाही आणि पुढच्या वर्षी फोटो काढायला मी उरणारच नाही, हे मला लख्ख कळलं.

त्याने बायकोला टॉर्च देऊन समोरच्या टेकाडावर, झाडाखाली उभं केलं. त्या उजेडावर त्याने कॅमेऱ्याची नजर जमवली. अंधार पडायच्या बेताला ती परत आली. पुरेशी रात्र झाली. चंद्र नव्हता. झाडाच्या काळ्या आकृतीवर उत्तरेचे तारे दाटले होते. अंधार पडायच्या बेताला ती परत आली. मग त्याने कॅमेऱ्याचा डोळा उघडला, "आता इथे टॉर्च लावू नकोस हं," असं बजावलं आणि घडीच्या खुर्चीत बसला. दिवसभर स्टुडिओत उभा राहिलेला माणूस. थोड्याच वेळात घोरायला लागला.

तिला थंडी वाजू लागली. शाल झाडाखालीच राहिली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. झोपमोड करायचं तिच्या जिवावर आलं. 'इथे' टॉर्च लावू नकोस, असं तो म्हणाला होता, आणि टेकाड काही इथे नव्हतं. चांगलं लांब होतं. बाजूने जरा पुढे जाऊन तिने टॉर्च लावला, आपल्या पायांपुढे जमिनीकडे धरला आणि चढ चढू लागली.

गवत तिच्या गुडघ्यांपर्यंत होतं. ती थांबली. टॉर्च इकडेतिकडे फिरवला. मग हळूच म्हणाली, "इथेच होतीस ना गं? कुठे गेलीस बाई?"

मित्रांनो, ती माझ्याशी बोलत होती!

इथेच आहे, इथेच आहे, असं मी जीव तोडून ओरडले, पण वाटेला आवाज कुठला? माझ्याजवळ होते ते खाणीच्या दिवसांपासूनचे पांढरे खडे. त्यातला एक उजेडात चमकला, मग पुढचा. "अगंबाई, ही काय," ती म्हणाली आणि खडे बघत बघत, एक एक वळण शोधत वर गेली. शाल घेतली, अंगभर गुंडाळली आणि त्याच वळणांनी खाली येऊ लागली. टॉर्चचा उजेड तिच्या पुढे पुढे माझ्यावर पडत होता.

तेवढ्यात तो जागा झाला.

"अगं! टॉर्च बंद कर! आधी बंद कर तो!"

"आणि पडू का मी? ताऱ्यांच्या उजेडात दिसतंय का इथे काही?"

"वाट लावलीस! पार वाट लावलीस फोटोची!"

हे शब्द मी जन्मभर ऐकत आले आहे. काम बिघडलं की वाट लागली, पैसे बुडाले की वाट लागली. आमच्या जातीने कोणाचं काय वाईट केलंय, देव जाणे. एवढं नाव खराब झालेलं असताना मी जळू नको तर काय करू?

तोवर पश्चिमेकडून ढग चढले. दुसरा फोटो काढायची सोय उरली नाही. तो तोंड पाडून कॅमेऱ्यापाशी गेला आणि त्याने डोळा मिटवला. मागच्या काचेवर फोटो उमटला.

बायको शाल सावरत त्याच्या खांद्यावरून वाकली. "फारच बिघडलाय का हो? ही खाली पिवळी रेघ कसली?"

"तुझा टॉर्च."

"नाही हो. नीट बघा ना. ही तर वाट आहे!"

वर ताऱ्यांची वर्तुळंच वर्तुळं होती. आणि खाली, काळ्या टेकाडावर, झाडापासून वळणं घेत उतरणारी मी होते. सोन्याची. मला स्वतःला कधी माहीत नव्हतं की मी अशी दिसते.

"फोटोची वाट नाही लागली," ती म्हणाली. "फोटोला वाट लागली. आधी नव्हती."

तो हसू लागला, खुर्चीत बसून डोळे पुसत हसला. मग उठला, वाकला आणि माझ्या अंगावर रोवलेला स्टँडचा पाय त्याने हलकेच उपटून काढला.

तोच फोटो हॉलमध्ये लागला. खाली पाटीवर 'ताऱ्यांच्या वाटा' असंच लिहिलं होतं म्हणे. म्हणजे इथेही नाव त्यांचंच! पण लोकांनी विचारलं ते माझ्याबद्दल. आता येतात ती माणसं. पायथ्यापासून चालत येतात, ओढ्यात कोणीतरी दगड बसवून दिलेत. गवत पुन्हा कडेला गेलं आहे.

मित्रांनो, तुमच्याकडच्या साऱ्या वस्तू वापरून झिजतात, म्हणून तुम्ही त्या जपून कपाटात ठेवता. माझं उलटं आहे. मला जपायचं तर मला तुडवा. तुमच्या घराजवळही माझी एखादी बहीण गवताखाली पडली असेल, तिच्यावरून जाऊन या. आडव्यातिडव्या वाटा पाडून तिचे लचके तोडू नका, खाऊचे कागद तिच्या अंगावर टाकू नका, एवढंच.

आणि एक राहिलं. रात्री आलात तर तारे बघायला माझी मनाई नाही. खुशाल बघा. पण थांबून बघा. पाऊल उचललंत की नजर खाली, माझ्याकडे. घरी जाताना तुमच्या पायाखाली मी असणार आहे, ते नाही.