देवकाबाईच्या गोठ्यातलं ताट

मला जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट म्हणतात, मित्रांनो. जर्मनी कुठे आहे ते मला ठाऊक नाही. मी मोहाडीच्या बाजारातलं. देवकाबाईने टिचकी मारून मला पारखलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "नातवंडं जेवतीन याच्यात!" मी किती फुशारून गेलं होतं! रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत गरम भात आधी माझ्यात पडायचा.

मग घरात स्टील आलं आणि माझी रवानगी गोठ्यातल्या कोनाड्यात झाली. घरातली बाई पाळीला बाहेर बसली की मला काढायचं, पाचव्या दिवशी राखेने घासून परत ठेवायचं. भात वरून टाकायचे, मला कोणी शिवत नसे. अहो, मी केलं तरी काय होतं? आणि तिने तरी?

देवकाबाईची सून रीना. वर्षानुवर्षं ती माझ्यातच जेवली. दोन वर्षांपूर्वी एकदा पाचवा दिवस उलटला, तरी मी बाहेरच. आठवा गेला, बारावा गेला. तिचे ओठ पांढरे पडले. मी सगळ्यांना दिसत होतं, पण इतके दिवस कसे, हे एकानेही विचारलं नाही. तिने काय शिवलं, एवढ्यावरच सगळ्यांचा डोळा.

"आजून नाई सरलं तुयं?" देवकाबाई करवादली. "रोवना लागला. रांधंल कोन?"

दुसऱ्या दिवशी रीना डोक्यावरून न्हाली. मला घासून ठेवलं. "सरलं जी," म्हणाली. कुठलं सरलं! पण मी कोनाड्यात गेलं की घर खूश. नवरा हेमराजही म्हणाला, "बरी झाली." मग दर महिन्याला ती खोटंच सांगू लागली. मला ओरडता आलं असतं तर!

यंदा रोवणा करताना ती धानाच्या बांधीतच, चिखलात कोसळली. दवाखान्यातून हेमराज एकटा परतला. अंगणात बसून आईला म्हणाला, "पोटात गाठ होती मने. अंगात रगतच नोहोतं. आंधी आनली असती तं वाचली असती." देवकाबाईने कपाळ बडवून घेतलं.

तेरवीनंतर महिनाभराने रीनाची मुलगी तेजस्विनी पहिल्यांदा बाहेर बसली. देवकाबाईनेच मला तिच्यापुढे सरकवलं.

"आजी, मायं पोट लय दुखते. आईचंबी दुखे का?"

"गप. जेव."

मित्रांनो, मला भंगारात टाकलंत तरी चालेल. पण यांना दुसरं ताट मिळेल. तुमच्या घरी असं ताट बाहेर निघालं, तर विटाळाचं बाजूला राहू द्या. तिला विचारा, किती दिवस झाले, दुखतं का. तेजस्विनीला अजून कोणी विचारलेलं नाही. ती माझ्यातला भात तसाच ठेवून बसली आहे.