फोटोपुरतं हेल्मेट

मी एक जुनं पिवळं हेल्मेट आहे. जुनं ते फक्त वयानं. अंगावर अजून एक ओरखडा नाही. मित्रांनो, हेल्मेटाच्या अंगावर ओरखडा नसणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे.

भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून निघालो, गार झालो, मग आतून पट्टे बसवले गेले. तिथल्या कस्तुराबाईंनी मला टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "जा बाबा, कुणाचं तरी डोकं वाचव." कुठल्या तरी क्रेनखाली उभं राहावं, वरून काही पडलं तर आधी आपण झेलावं, एवढीच माझी इच्छा होती.

नशिबानं मला शेखरच्या हाती दिलं. चाकणला चौकात मोबाइलच्या दुकानावर त्याचं भरतीचं ऑफिस आहे. बाहेर मोठा फ्लेक्स: 'नामांकित कंपनीत पर्मनंट जागा. आज या, उद्या कामाला लागा.' आत एक खुर्ची, मागे भिंतीवर चकचकीत यंत्राचं चित्र आणि खिळ्यावर मी. गावाकडून आलेल्या पोरापोरींना शेखर त्या खुर्चीत बसवतो, मला त्यांच्या डोक्यावर ठेवतो आणि म्हणतो, "हसा जरा. घरी पाठवायचाय ना फोटो?" मग तोच फोटो त्याच्या जाहिरातीत जातो, 'आमच्यामार्फत कंपनीत लागलेले उमेदवार' म्हणून. लागलेले म्हणे. त्यांनी अजून कंपनीचं गेटसुद्धा पाहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना जीपमध्ये कोंबून एका गोदामात खोके उचलायला धाडतात. मी इथंच राहतो. शेखर मला रोज फडक्यानं पुसतो आणि "आपलं लकी हेल्मेट" म्हणून आल्यागेल्याला दाखवतो. त्या कौतुकाची मला शिसारी येते.

तेजस्विनी अहमदपूरकडची. आयटीआय झालेली, हुशार मुलगी. तिला माल तपासायचं काम सांगितलं होतं. खुर्चीत बसून ती इतकी मनापासून हसली, की शेखरनं तिचा फोटो जाहिरातीत सगळ्यांत वर लावला. गावी तिच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, तो स्टेटसला ठेवला आणि आळीत पेढे वाटले. एकदा पेढे वाटून झाल्यावर 'मी गोदामात खोके उचलते' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? कुणीच सांगत नाही. लेकरांची ही लाज हेच शेखरचं खरं भांडवल आहे.

काही आठवड्यांनी ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावर टाके होते. रॅकवरून खोका पडला होता.

"माझा फोटो काढून टाका," ती म्हणाली. "माझी धाकटी बहीण तो बघून नर्सिंग सोडून इकडं यायली. येऊ नको म्हणलं, तर म्हणते, अक्का, तू तर हसायलीस की."

शेखर चहा फुंकत म्हणाला, "ताई, फोटो तुमचाच, हसताय पण तुम्हीच. मी यात काय खोटं छापलं?"

चोराला निदान अंधार तरी लागतो. हा माणूस ट्यूबलाइटखाली बसून, चहा पितापिता एका मुलीचं हसू चोरत होता. आणि मी? मी तिच्या टाक्यांकडे बघत खिळ्यावर लटकत होतो. तो खोका माझ्या वाट्याचा होता. तो तिनं झेलला.

अखेर तिची बहीण योगिनी आलीच. एसटीतून उतरली ती बॅग घेऊन थेट ऑफिसात. शेखरनं मला तिच्या डोक्यावर ठेवलं आणि मोबाइल वर धरला. तेवढ्यात तेजस्विनी धापा टाकत जिना चढून आली.

"मला अडवायला आलीस ना?" योगिनी फुगून म्हणाली. "तुला एकटीलाच चांगलं पायजे का, अक्का?"

"नाही अडवत," तेजस्विनी म्हणाली. "ऊठ. हे हेल्मेट असंच डोक्यात राहू दे. आत्ताच माझ्यासोबत चल आणि लाग कामाला."

योगिनी उठली. ती दारापर्यंत पोचते न पोचते तोच शेखर खुर्ची सरकवून धावला.

"ओ मॅडम, हेल्मेट कुठं नेताय? ते ऑफिसचं आहे."

"मग कामावर मला कोणतं देणार?"

"तिथं लागत नाही ते."

तेजस्विनीनं कपाळावरची ओढणी मागे सारली. घरी तिनं हे कुणालाच कळू दिलं नव्हतं. योगिनी त्या टाक्यांवरून हलकेच बोट फिरवत उभी राहिली. मग तिनं मला डोक्यावरून काढलं आणि शेखरच्या पसरलेल्या हातात न देता खुर्चीवर ठेवलं.

"लातूरची गाडी कुठं मिळते अक्का?" तिनं बॅग उचलली. "तू बी चल. घरी मी सांगते."

त्या दोघी जिना उतरल्या. खालून कुणीतरी नवीन वर येत होतं. शेखरनं मला फडक्यानं पुसलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कामाच्या शोधात अशा एखाद्या खुर्चीत बसाल. आधी तिथं काम करणाऱ्या आपल्या माणसाला फोन करा आणि तो 'येऊ नको' म्हणाला, तर फोटोपेक्षा त्याचं ऐका. तरीही कुणी मला तुमच्या डोक्यावर ठेवून हसायला सांगितलंच, तर हसण्याआधी विचारा, "हे मी कामावर घेऊन जाऊ का?" समोरचा 'ते ऑफिसचं आहे' म्हणाला, तर मला खुर्चीवर ठेवा आणि जिना उतरा. मला मुळीच वाईट वाटणार नाही.