धोंडुआत्यानं कोरी ठेवलेली जागा

दुसऱ्या दिवशी सईची विश्रामबागेतल्या कॉलेजात मुलाखत होती. जागा कायमची, म्हणून समितीपुढं वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. विषय तिचाच लाडका, डोमेन थिअरी. म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामचा अर्थ गणितात मांडायचा. पण सकाळपासून घोडं एकाच ठिकाणी पेंड खात होतं. शेवटी तिनं कागद आजीपुढं, शरयूताईंपुढं, ठेवला. वर शेजारी शेजारी ‘हो’ आणि ‘नाही’, दोन्हींच्या खाली एक उलटा टी. प्रोग्राम नुसता चालतच राहिला, उत्तर देईना, तर त्याचा अर्थ हा तळाचा टी.

“पण वर्गातली मुलं म्हणतात, उत्तर आलं नाही म्हणजे ‘नाही’च की. त्यांना कसं पटवू?”

शरयूताईंना वडिलांची वही आठवली, आणि त्या सांगू लागल्या. एकोणसत्तर साली कोरेगावची मंडळी त्यांना बघायला सांगलीला आली, पोहे खाऊन “कळवतो” म्हणाली आणि गेली. मुलगा फौजेत, सीमेवर. त्याचं पत्र आल्याशिवाय घरचे तरी काय कळवणार? पण हे इथं कुणाला ठाऊक? तीन महिने गेले. स्थळांच्या वहीत प्रत्येक नावापुढं होकार किंवा नकार लिहायची वडिलांची शिस्त. ते ‘नकार’ लिहायला बसले, तशी त्यांच्या थोरल्या बहिणीनं, धोंडुआत्यानं, हातातलं पेनच काढून घेतलं.

“बाळासो, ऱ्हाऊ दे रं कोरं. त्यांनी अजून सांगितलं न्हाई, एवढंच आपल्याला ठावं हाय. न्हाई म्हटलंय कुणी?”

चौथ्या महिन्यात होकार आला. त्या माणसाबरोबर शरयूताईंनी बावन्न वर्षं सुखानं काढली.

सई ऐकता ऐकता लिहीत होती. तळ म्हणजे कोरी जागा. तिथून ‘हो’कडं जाता येतं, ‘नाही’कडंही, पण एकदा वर गेलं की परत फिरणं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलाखतीहून तोंड पाडून आली. वहीची गोष्ट रंगली होती, समितीतले सर हसलेही होते.

“पण शेवटी ‘कळवतो’ म्हणाले, आजी. म्हणजे गेलंच.”

“कालचा कागद काढ बघू,” शरयूताई म्हणाल्या. “आत्ता तू कुठं आहेस?”

सईनं उलट्या टीवर बोट ठेवलं, आणि तिचं तिलाच हसू फुटलं.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना शरयूताईंनी आत्याचं नाव घेऊन हात जोडले. ती होती तोवर तिचे आभार मानायचं राहूनच गेलं होतं.