मागच्या खोलीतली टकटक

आधीच सांगून टाकते, मला कोळी आवडत नाहीत. साधे भिंतीवरचेसुद्धा नाहीत. आणि सून मिळाली ती टॅरंटुलांवर जीव टाकणारी. टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढे केसाळ कोळी, बघितले की जेवण नको होतं. आमच्या घरातली मागची खोली, जिथे माझं कपाट असायचं, ती लग्नानंतर वर्षाच्या आत त्यांची झाली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर काचेचे आणि प्लॅस्टिकचे डबे, डब्यात ओली माती आणि झाडाची साल, आणि प्रत्येक डब्यात एकच जण. एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात म्हणे. मी म्हटलं, म्हणजे नातेवाईकच की! सून खळखळून हसली. तिचं एक होतं, मी टोचून बोलले तरी ती हसायची, आणि मला त्याचा आणखीच राग यायचा.

ती एका संशोधन संस्थेत होती. वर्षातून दोन-तीनदा लांबच्या एका पावसाच्या जंगलात जायची आणि आली की माझ्यापाशी स्वयंपाकघरात बसून सुरू व्हायची. "आई, तिथे ओढ्याच्या अलीकडे एक जात सापडते आणि पलीकडे दुसरीच. झाडाच्या शेंड्यावर राहणारी वेगळी, सालीखाली राहणारी वेगळी, जमिनीत बीळ करणारी आणखी वेगळी. एकाच डोंगरावर इतक्या, की मी म्हातारी होईन तरी मोजून व्हायच्या नाहीत." मी म्हणायचे, आधी कांदा चीर. पण कान माझे तिकडेच असायचे, खोटं कशाला बोलू? गुलाबी पावलांचा झाडावरचा, तव्यासारखा काळा बिळातला, सालीखाली मावणारा चपटा, सगळे मला ओळखू यायला लागले होते. एक तांबूस, गुडघ्यांवर पांढरे पट्टे असलेला, तिने शेवटून दुसऱ्या खेपेला आणला होता. "ही मादी कुठल्याच पुस्तकात नाही, आई," ती म्हणाली होती. "अजून लहान आहे. मोठी होऊ दे, मग हिला नाव देऊ."

शेवटच्या खेपेला ती परत आली नाही. डोंगरात पाऊस झाला, ओढा एकदम फुगला. बाकीची मंडळी एका काठावर होती आणि ती एकटी दुसऱ्या. सकाळी तो काठच जागेवर नव्हता. माझा मुलगा गेला, शोधणाऱ्यांबरोबर ओढ्याच्या कडेकडेने तिला हाका मारत हिंडला. परत आला तेव्हा त्याच्या घशातून आवाज फुटत नव्हता. ती काही सापडली नाही.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देत देत सोडवतो, त्यात त्याचा हातखंडा. पण घरी आला तो त्या मागच्या खोलीत जाऊन बसला आणि कामावर जायचं नावच काढेना. कोळ्यांना झुरळं घालायची, मातीवर पाणी शिंपडायचं, बस. ताट नेऊन दिलं तर दोन घास खायचा. मी रडले, ओरडले, शेजारणीच्या नवऱ्याला समजवायला बोलावलं. काही उपयोग नाही. पोरगा माझ्यासमोर होता आणि हातातून जात होता.

एक दिवस तो आंघोळीला गेला असताना मी झाडू घेऊन खोलीत शिरले. बघते तर तो तांबूस कोळी उताणा पडलेला, आठही पाय वर. मेला! मी म्हटलं, चला, एक तरी कमी झाला. झाकण काढून सुपलीत घेणार, तोच मुलगा ओल्या अंगाने धावत आला. "हात लावू नकोस! कात टाकतोय!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा मोठा आवाज ऐकला मी. मग आम्ही दोघं बघत उभे राहिलो. जुन्या कातडीतून तो हळूहळू निघाला, हातमोज्यातून बोटं काढावीत तसा एकेक पाय काढत. आधीपेक्षा हडकुळा आणि लांब तंगड्यांचा. शेजारी त्याची कात पडली होती, केसांसकट अगदी तोच. मला शिसारी आली. मुलगा मात्र कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत होता.

त्यानंतर ती टकटक सुरू झाली.

पहिल्यांदा ऐकली ती भर दुपारी. मी भाजी निवडत होते. बंद दारामागून आवाज आला, टक-टक-टक, थोडं थांबून पुन्हा टक-टक-टक. तो आवाज मला पाठ होता. डबा उघडण्याआधी सून झाकणावर नखाने अशीच वाजवायची, आतला दचकू नये म्हणून. मी दाराशी गेले, आणि मग आतून दुसरी टकटक आली. जरा जड, माणसाच्या बोटाची. माझा मुलगा उत्तर देत होता.

हे रोज व्हायला लागलं. ती टकटक, मग याची टकटक, मग पुन्हा ती. मी आतमध्ये गेले की दोन्ही बंद. मुलगा खिडकीकडे बघत बसलेला आणि फळीवर सगळे डबे गप्प. भूतबीत मी मानत नाही. पण एका दुपारी मी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाले, "अगं, असशील तर सोड त्याला. माझा एकुलता एक आहे." म्हणाले, आणि माझी मलाच लाज वाटली. त्या पोरीने जिवंतपणी कधी त्याला माझ्यापासून तोडलं नव्हतं.

शेवटी मी सुनेच्या विद्यार्थिनीला फोन केला. ही चष्मेवाली पोरगी, बोलायला गोड आणि कामाला वाघ. म्हटलं, बाई, ये आणि हे सगळे डबे संस्थेत घेऊन जा, माझं घर मोकळं कर. ती दुसऱ्याच दिवशी आली. मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला होता. ती खोलीत शिरली, तांबूस कोळ्यासमोर वाकली आणि तिचे डोळेच चमकले.

"काकू, ही मादी नाही! हा नर आहे. लहानपणी कळत नाही, मॅडमचीही चूक झाली. शेवटची कात टाकली की कळतं. टकटक करतो का हा?"

मी स्टूल ओढून बसले.

"नर मोठा झाला की बिळातून निघतो आणि मादी शोधत फिरतो," ती सांगत होती. "बिळाच्या तोंडाशी पाय आपटून विचारतो, आहेस का? मादी असली तर आतून टकटक करून उत्तर देते. हा बिचारा इथे कुणाला विचारणार? खाणंपिणं सोडून शोधत राहतात, आणि थोड्याच महिन्यांत मरतात." मग तिने पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली. "आपणहून मेला तर लगेच खराब होईल, काकू. आजच स्पिरिटमध्ये ठेवू या. ही जात नवी आहे, चांगला नमुना हाती असला तर तिला मॅडमचं नाव देता येईल. कायमचं राहील."

सुनेचं नाव कायमचं राहील. आणि ती मेली टकटक बंद होईल. मला दोन्ही हवं होतं. मी म्हटलं, ठेव.

मुलगा दारातच उभा होता. हातातलं दूधही त्याने खाली ठेवलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

मग माझाही बांध फुटला. "अरे वेड्या, ती नाहीये ती! कोळी आहे कोळी! तू ज्याच्याशी बोलतोस तो नर आहे, आपली बायको शोधतोय तो!"

"माहीत आहे मला, आई," तो शांतपणे म्हणाला. "कात टाकली त्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलो, एवढं तरी कळणारच ना? ती आहे असं मला कधीच वाटलं नाही."

"मग उत्तर कशाला देत बसतोस?"

त्याने हातातलं दूध फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "मी तिथे ओढ्याच्या काठाने हाका मारत होतो. घसा फुटेपर्यंत. कुणीसुद्धा ओ दिली नाही. ते कसं असतं ते मला माहीत आहे, आई. याला कळू नये."

चष्मेवालीने बाटली पुन्हा पिशवीत टाकली. तिच्या चष्म्यामागे पाणी आलं होतं. ती म्हणाली, मरू दे त्याला त्याच्या वेळेने, कातीवरून जमेल तेवढं करू. मी फळीवरचं दूध उचलून तापवायला नेलं.

त्या रात्री जेवताना मी त्याला म्हटलं, "तू कामावर जा. दिवसा मी देते उत्तर." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुला किळस येते." मी म्हटलं, "येते. म्हणून काय झालं?"

तो जायला लागला. संध्याकाळी ग्रीसने काळे झालेले हात घेऊन यायचा, नीट जेवायचा, अडकलेल्या माणसांच्या गमती सांगायचा. आणि मी दुपारी काम आटपून त्या स्टुलावर बसायचे. आतून टक-टक-टक आली की मी चमच्याच्या दांड्याने झाकणावर वाजवायचे. सुरुवातीला तोंड फिरवून वाजवायचे. नंतर नंतर मी बोलायलाही लागले, आज भाजी काय केली, शेजारीण काय म्हणाली. सूनही याच जागी बसून यांच्याशी बडबडायची आणि मी बाहेरून नावं ठेवायचे.

परवा दुपारी मी बसले, तर आवाज नाही. तो एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता. मी वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं. उताणा नव्हता, म्हणजे कात नव्हती, एवढं मलाही आता कळत होतं. तरी मी वाजवत राहिले, ऊन खिडकीतून निघून गेलं तरी. आणि मग माझ्या तोंडून त्या पोरीचं नाव निघालं. लग्न होऊन ती घरात आल्यापासून मी तिला "अगं ए" म्हणत आले, नावाने कधीच हाक मारली नव्हती. आता मारली. एकदा मारली, आणि मग थांबताच येईना.

मुलगा आला तेव्हा मी हाकाच मारत होते. त्याने डब्याकडे एकदा पाहिलं, माझ्या शेजारी जमिनीवर बसला, आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "ओ, आई."