मी वाकलो नाही, काडी फुटली

मी एक इन्सर्ट. नाव ऐकून काही कळलं नाही ना? नाहीच कळणार. बाण म्हटलं की लोकांना फाळ आठवतो, पिसं आठवतात. फाळ काडीला धरून कोण ठेवतं, हे विचारायची तसदी कोणी घेत नाही. ते काम माझं. कार्बनची काडी आतून पोकळ असते. तिच्या पुढच्या तोंडात मला गोंद लावून बसवतात आणि माझ्या आतल्या आट्यांमध्ये फाळ पिळून घट्ट करतात. करंगळीच्या दोन पेरांएवढासुद्धा मी भरणार नाही. तरी हे सगळं मलाच सांगावं लागतंय, कारण ज्यांनी सांगायला हवं होतं ते फार दिवस गप्प बसले.

जन्म कारखान्यातला. स्टेनलेस स्टीलच्या सळीतून लेथवर मला कापलं, आतून कोरलं, आटे पाडले आणि अकरा भावंडांबरोबर एका पाकिटात कोंबलं. पाकिटावर मोठ्या शिंगांच्या हरणाचं चित्र होतं. खाली लिहिलेलं, शिकारीसाठी खास, हाडावर आपटला तरी वाकणार नाही. आम्ही ते खरं मानलं आणि आत बसून गमजा मारू लागलो. मी हरीण मारणार, तू रानडुक्कर मारणार, असं चाललं होतं.

आणि आम्हाला पाठवलं कुठे, तर इंग्लंडला! इथे धनुष्यबाणानं शिकार करायला कायद्यानं बंदी आहे. इथले लोक जंगलात जातात, फोमची हरणं उभी करतात, त्यांना बाण मारतात आणि मग फ्लास्कमधला चहा पितात. पैलवानाला बालवाडीत नोकरी लागावी तशी माझी गत झाली.

मला ज्यांनी निवडलं ते डॉक्टर पद्माकर. आडनाव सांगत नाही, कॉव्हेंट्रीतली मराठी मंडळी लगेच ओळखतील. हाडांचे डॉक्टर. पस्तीस वर्षं लोकांचे खुबे आणि गुडघे बदलून नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या घरात वस्तू येते ती टिकण्यासाठीच. लग्नातला प्रेशर कुकर अजून शिट्ट्या देतोय आणि पहिल्यांदा इंग्लंडला येताना आणलेली सूटकेस अजून माळ्यावर आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो, बाण त्यांचे नव्हते. धनुष्य होतं त्यांच्या बायकोचं, मधुमतीबाईंचं.

मधुमतीबाईंनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रक्ताचे नमुने तपासले. रिटायर झाल्यावर लायब्ररीत त्यांना एक पत्रक दिसलं, केनिलवर्थजवळच्या जंगलात धनुष्यबाण शिकवणाऱ्या क्लबचं. बाई सरळ बस पकडून गेल्या आणि नाव घालून आल्या. इंग्लंडमध्ये येऊन चौतीस वर्षं झाली, पण कोणाला न विचारता केलेली ही माझी पहिलीच गोष्ट, असं त्या अर्चनाला सांगायच्या. अर्चना नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी, क्लबमध्ये बाईंना काकू म्हणणारी एकटीच. शनिवारी सकाळी दोघी मिळून फोमच्या डुकरांवर नेम धरायच्या आणि शाळेतल्या मुलींसारख्या खिदळायच्या.

डॉक्टरांनी सहा महिने कळ काढली. बायकोला छंद आहे आणि त्यात आपला सल्ला नाही, हे त्यांना पचणं शक्यच नव्हतं. बाईंचा बाण झाडावर आपटला की त्यातला ॲल्युमिनियमचा इन्सर्ट वाकायचा, तेवढं निमित्त पुरलं. तीन आठवडे ते लॅपटॉपसमोर बसले. ॲल्युमिनियम हलकं पण वाकतं, पितळ जड आणि त्याचे आटे झिजतात, स्टील मात्र जसंच्या तसं. त्यांनी तक्ता केला, त्यात रंग भरले आणि माझ्या ओळीला हिरवा रंग दिला.

"धिस इज द वन, मधु. हॅमरनं ठोकलं तरी काही होणार नाही याला."

"अहो, पण माझा बो हलका आहे, ओढ फक्त थर्टी पाउंडची. पुढे एवढं वजन टाकलं तर बाण नीट उडणार नाही म्हणे. आणि स्टील घ्यायचंच तर काडीवर बाहेरून कॉलर बसवा, असं कॉलिन म्हणत होता."

"कॉलिन प्लंबर आहे गं! मी आयुष्यभर हेच केलंय. पोकळ हाडात मेटलचा दांडा बसवायचा, हिप रिप्लेसमेंट म्हणजे दुसरं काय असतं?"

कॉलिन हा क्लबचा सेक्रेटरी. तो प्लंबर होता हे खरं, आणि त्याचं म्हणणंही खरं होतं. बाण दगडावर आपटला की पहिला धक्का मला बसतो. मी नरम असतो तर वाकलो असतो आणि धक्का माझ्यातच जिरला असता. मी वाकत नाही. मग तो धक्का मागे जातो, काडीत. काडीच्या तोंडावर बाहेरून कॉलरचं कडं असेल तर ती तग धरते, नसेल तर आतून उभी चिरते. डॉक्टरांनी कॉलर मागवल्या नाहीत. जेवढे जोड जास्त तेवढे बिघाड जास्त, असं त्यांचं मत.

बसवलं मात्र सुरेख, ते मान्य केलं पाहिजे. गॅरेजमध्ये टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं, काडीचं तोंड आतून हलकेच खरवडलं, स्पिरिटनं पुसलं, इपॉक्सी लावून मला गोल फिरवत आत सरकवलं. चोवीस तास कोणाला हात लावू दिला नाही. काम करता करता ते फोनवर हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टरला समजावत होते. बर्फावर घसरलेल्या म्हाताऱ्या बायका येतात, त्यांच्या मांडीतला दांडा एक्स-रेमध्ये अगदी जागच्या जागी दिसतो, आणि त्याच्या खाली हाड फुटलेलं असतं. "डोंट जस्ट लुक ॲट द इम्प्लांट," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "लुक ॲट द बोन." मी ऐकलं आणि मला वाटलं, चला, जाणत्या माणसाच्या हातात पडलो.

पुढचे दोन महिने बाईंचे बाण लक्ष्याच्या अलीकडेच खाली जायचे. माझ्या वजनाचा प्रताप, दुसरं काय! डॉक्टर म्हणायचे, खांदा कमी पडतोय, व्यायाम कर. बाई व्यायाम करायच्या.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी डॉक्टर स्वतः बघायला आले. बाईंचा बाण फोमच्या हरणाच्या पोटाखालून गेला आणि मागच्या दगडावर आपटला. तो बाण म्हणजे माझा. असा धक्का बसलेला बाण पुन्हा सोडण्याआधी वाकवून बघायचा असा क्लबचा नियम आहे. दोन्ही टोकं धरायची, काडीला हलका बाक द्यायचा, गोल फिरवत राहायचं आणि कान द्यायचा. बाईंनी तसंच केलं. माझ्या मागे काडी बारीकशी करकरली. त्यांनी पुन्हा वाकवली, पुन्हा करकर. त्यांनी बाण भात्यात उलटा खोचला. उलटा बाण म्हणजे बाद झालेला बाण, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. डॉक्टरांना नव्हतं.

"हा उलटा का ठेवलास?"

"वाजला. चीर गेलीय बहुतेक."

"बघू." त्यांनी मला चिमटीत धरलं, पिळलं, ओढलं, नखानं वाजवून पाहिलं. "कुठे काय झालंय? इन्सर्ट बघ, रॉक सॉलिड आहे. तीन आठवडे उगाच नाही घालवले मी."

"मी दोनदा ऐकलं, अहो."

"मधु, तुझ्या कानांचं बघायला हवं आता. वापर बिनधास्त." आणि त्यांनी बाण सुलटा करून भात्यात ठेवला.

मी ओरडायला हवं होतं. डॉक्टर, हाड बघा, हाड! पण आम्हा निर्जीवांना वाचा फुटते ती सगळं होऊन गेल्यावर. अर्चना पुढच्या लक्ष्याकडे गेली होती. बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बाणाकडे. लॅबमध्ये शंका आलेला नमुना सव्वीस वर्षांत कधी पुढे जाऊ न देणारी ही बाई. पण तिथे नवरा नव्हता. त्यांनी बाण धनुष्याला लावला.

दोरी सुटली. पुढे माझं जड डोकं, मागून दोरीचा रेटा आणि मध्ये चिरलेली काडी. ती हाताच्या जरा पुढे मोडली आणि मागचा तुटका भाग दोरीनं ढकलला तो सरळ त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या बुंध्यात शिरला. मी त्यांच्या बुटांपाशी पडलो. मला ओरखडासुद्धा उठला नव्हता.

डॉक्टर धावले. "हलू नकोस. ओढू नकोस." मफलरनं हात बांधताना त्यांची बोटं जराही थरथरली नाहीत. अर्चनानं गाडी काढली. निघताना डॉक्टरांनी मला उचलून खिशात टाकलं, म्हणून ए अँड ईमध्ये, हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, मीही होतो. नर्सनं विचारलं, झालं कसं? बाईंनी तोंड उघडायच्या आत डॉक्टर म्हणाले, "शी डिडन्ट चेक द ॲरो." बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. वेदनेनं असेल, असं नर्सला वाटलं.

लंडनहून तनयाचा फोन आला. तनया त्यांची मुलगी. तिलाही बाबांनी तेच सांगितलं होतं. स्पीकरवर तिचा आवाज रडवेला झाला होता. "आई, तू बाण चेक नाही केला? यू आर ऑलवेज सो केअरफुल!"

"असू दे गं," बाई म्हणाल्या. त्या शब्दांचा मला आजही राग येतो.

दोन ऑपरेशनं झाली. कार्बनचे तंतू मांसातून वेचून काढणं सोपं नसतं. हात वाचला, पण अंगठा बोटांपर्यंत पोचत नाही. पोळी लाटताना लाटणं एका बाजूला घसरतं. धनुष्य पेलायचा तर प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण वाईट वाटलं की काही माणसं माफी मागतात आणि काही माणसं भाषण देतात. डॉक्टरांनी क्लबमध्ये सुरक्षिततेवर भाषण दिलं. मला घासूनपुसून एका फळीवर तारेनं बांधलं, शेजारी मोडकी काडी लावली, खाली सुबक अक्षरांत कार्ड लिहिलं की हा बाण सोडण्याआधी तपासला नव्हता. फळी क्लबच्या खोलीत दाराशीच लावली. स्वतःच्या घरातलं दुःख बाजूला ठेवून इतरांचा विचार केला म्हणून लोकांनी त्यांचं कौतुक केलं. तोपर्यंत त्यांनाही ते कार्ड खरं वाटू लागलं असावं.

मार्चमध्ये बाई आपलं धनुष्य अर्चनाला द्यायला डॉक्टरांबरोबर क्लबमध्ये आल्या. आत शिरताच त्यांना फळी दिसली. त्यांनी कार्ड वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"जनरल अवेअरनेससाठी गं. कुणाचं नाव नाही घातलं."

"हात फुटलेली बाई या क्लबमध्ये मी एकटीच आहे." त्या वळल्या. "अर्चना, पेन दे जरा."

लिहायला गेल्या तर कार्ड हलायला लागलं. दाबून धरायला डावा हात साथ देईना. अर्चनानं कार्ड धरलं. बाईंनी डॉक्टरांची ओळ खोडली आणि खाली सगळ्यांना वाचता येईल अशा इंग्रजीत लिहिलं: तपासला होता. दोनदा वाजला होता. इन्सर्ट पक्का आहे असं नवऱ्यानं सांगितलं म्हणून मी सोडला. खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

"मधु, लोक वाचतील हे."

"वाचू देत की! त्यासाठीच लावलंय ना तुम्ही?"

डॉक्टर बाहेर जाऊन गाडीत बसले आणि वाट बघू लागले. बाईंनी अर्चनाच्या खांद्याला धनुष्याची पिशवी अडकवली, तिचा पट्टा एका हातानं सारखा केला आणि म्हणाल्या, "मला घरी सोडशील? आज त्या गाडीत नाही बसवणार मला."

मला वाटलं होतं, आता तरी काही बदलेल. कसलं काय! दर शनिवारी नवे लोक येतात. कार्ड वाचतात, एकमेकांकडे बघून भुवया उंचावतात. मग माझ्याजवळ वाकतात, माझ्यावरून नख फिरवतात आणि विचारतात, "वॉव, नॉट अ स्क्रॅच! मेक कोणता आहे?" दोघांनी तर फोनवर माझा फोटो काढून तिथल्या तिथे ऑर्डर दिली. कॉलिन हल्ली समजवायच्या भानगडीत पडत नाही, तो केटल लावतो.

मागच्या आठवड्यात डॉक्टर एकटेच आले. खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी बाईंची ओळ वाचली, बराच वेळ वाचली. हात कार्डापर्यंत नेला आणि मागे घेतला. मी वाट बघत होतो. चुकलं माझं, एवढं जरी म्हणाले असते तरी माझ्या पोटातला कडवटपणा थोडा उतरला असता. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "बाकी चॉइस चुकला नव्हता."

दुकानात माझ्यासारखा कोणी तुमच्या हातात आला, तर कृपा करून त्याच्या चकाकीवर जाऊ नका. मी टिकतो, त्याबद्दल वाद नाही. फक्त घ्यायच्या आधी, बाण जिच्या हातातून सुटणार आहे तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर मला परत खुंटीवर अडकवा.